अक्काचे चार गुण

मान धरली म्हणून जळगावला फिजिओथेरपीला गेलो, तर शेजारी साक्रीकडची एक अक्का! पक्षाघाताने लुळा पडलेला उजवा हात रोबोटला बांधलेला. पडद्यावरचं सफरचंद टोपलीत टाकायचा खेळ होता. अक्काचा जीव मात्र आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मांड्यांत. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत वाढवायचा, एका हाताने कसा होणार?

"अक्का, शंभरपैकी नव्वद!" डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

अक्का यंत्राकडे बोट दाखवत फणकारली, "यानीच करं बठ्ठं! हाऊ मन्हा घर मांडा करी का?"

बाईंनी हसत यंत्राची मदत बंद केली. अक्काने दातओठ खाल्ले, यंत्राला दोन शिव्या हासडल्या. सफरचंद जेमतेम हललं. गुण चार.

अक्का माझ्यावर गरजली, "देखस काय, भाऊ? आते वाजाड टाळ्या! ह्या चार मन्हा शेतस!"