मोठं चाक

न्हावऱ्याच्या एसटी थांब्यामागं पन्नाशीचा एक माणूस रोज सकाळी एकचाकी सायकलवर चढायचा आणि पडायचा. लहान चाकावर तो वर्षानुवर्षं एका पुढाऱ्याच्या मिरवणुकीपुढं कसरती करत आला होता. "लांबून दिसायला पाहिजे," म्हणत साहेबांनीच त्याला मोठं चाक घेऊन दिलं. विजेचा खांब धरून तो चढे, चार हात जाई, आपटे, गुडघे झटकून पुन्हा चढे.

महिन्याभरानं मिरवणूक निघाली. तो ताठ बसून संथ चालला होता. लोकांनी फोटो त्याचेच काढले. मागं जीपमध्ये साहेब नुसतेच हात जोडून उभे.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मामा, साहेब काय म्हणाले?"

"परत लहान चाकावर ये म्हनले."

"मग?"

"म्हनलं, साहेब, वर बसायची सवय लागली की उतरवत न्हाई. तुमाला तर म्हाईतच हाय."