भुऱ्याचा जोडीदार

बैलाला जोड शोधावी ती उकंडरावांनीच, हे मोताळ्याच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. एखाद्याचा बैल मेला की तो उरलेल्या बैलाचं वर्णन घेऊन त्यांच्याकडे यायचा. उंची केवढी, शिंगं कशी, चाल कशी. एवढं ऐकून उकंडराव बाजारभर हिंडायचे, दात पाहायचे, खूर पाहायचे आणि दुपारपर्यंत असा बैल काढायचे की जुंपल्यावर दोघं एकाच गाईच्या पोटचे वाटावेत. या कसबाचा त्यांना गर्व होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात उकंडरावांचा स्वतःचा म्हातारा बैल सर्जा गेला. त्याच्याबरोबरचा बैल दोन दिवस हंबरला आणि कडब्याला लागला. पण घरच्या कुत्र्याने, भुऱ्याने, अन्न सोडलं. पिल्लू होता तेव्हापासून तो सर्जाच्या पोटाला पाठ लावून झोपायचा. आता तो रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसे. भाकर दुधात कुस्करून पुढे ठेवली तरी हुंगून तोंड फिरवी. पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

"त्याले कोनी सोबती पाह्यजे," त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणाली. "नाई तर हाबी जाते बाप्पा."

"पाह्यतो ना," उकंडराव म्हणाले. "जोड लावनं का नवं हाय मले?"

आणि ते कामाला लागले, अगदी बैल शोधावा तसे. चार गावांची कुत्री त्यांनी नापास केली. एकाचं शेपूट आखूड, एक पायात फेंगडं, एकाचा रंग उन्हात वेगळा दिसतो म्हणे. शेवटी एका धनगराच्या वाड्यावर त्यांना हवा तो सापडला. भुऱ्याएवढाच उंच, तसाच भुरका, कानाची घडीसुद्धा तशीच. धनगर द्यायला तयार नव्हता. उकंडरावांनी दोन दिवस तिथं ठाण मांडून त्याच्याकडून तो मिळवलाच.

गाव पाहायला जमलं. दोन कुत्री शेजारी उभी केली तर कोणतं कोणतं ते कळेना. उकंडरावांच्या मिशा वर झाल्या. कुत्र्यांनी मात्र एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. एक अंगणाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. मग उकंडरावांनी नव्या बैलाला करतात तेच केलं. दोघांना एकाच दोरीने आखूड बांधलं. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, असं लोक म्हणतात. म्हणतात ते संगतीने बिघडणाऱ्याबद्दल, पण उकंडरावांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं.

दोन दिवस ती कुत्री विरुद्ध दिशांना ओढत राहिली. भुऱ्याची मान सोलवटली आणि तो पाणीही पिईना. तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाईने विळा आणून दोरी कापली. धनगराचा कुत्रा जो सुटला तो थेट आपल्या मेंढरांत.

"कुत्र्याले का वखर ओढाचा हाय?" ती कडाडली. "रंग पाह्यला, उंची पाह्यली. भुऱ्याले इचारलं का तुमी?"

उकंडरावांना राग आला. राग गिळायला एक रात्र लागली. सकाळी बाजाराचा दिवस होता. शेजाऱ्याचा बैल मागून त्यांनी गाडी जुंपली, भुऱ्याला तीत घातलं आणि मोताळ्याला नेलं.

तिथं त्यांनी त्याला चांगली चांगली कुत्री दाखवली. भुऱ्या कुणापुढेही थांबला नाही. थांबला तो सोजराबाईच्या भज्यांच्या दुकानापाशी. तिथं एक काळी कुत्री पडली होती. बुटकी, उतारवयाची, एक कान फाटलेला, मागचा पाय लंगडा. भुऱ्याने तिला हुंगलं, गोल फिरला आणि तिच्या पोटाला पाठ लावून आडवा झाला.

उकंडरावांनी त्याला उठवलं. तो पुन्हा तिथंच जाऊन पडला. असं तीनदा झालं.

समोर सगळा बैलबाजार होता. ज्यांच्या जोड्या त्यांनी जुळवल्या होत्या ते सगळे पाहत होते. ही जोड घेऊन गावातून जायचं म्हणजे तीस वर्षांचं नाव पाण्यात. उकंडरावांनी खाली पाहिलं. भुऱ्याने डोळे मिटले होते आणि त्याचं पोट संथ हलत होतं. कित्येक दिवसांत तो असा निवांत झोपला नव्हता.

"सोजराबाई, हिले नेऊ का?"

"न्या बाप्पा. पन काळी म्हनून हाक मारा. तशी ते येत नाई कोनापाशी."

उकंडरावांनी भर बाजारात, सगळ्यांदेखत, "काळे, चाल वं माय," अशी हाक मारली आणि तिला उचलून गाडीत ठेवलं.

"उकंडराव," किसनराव नावाचा व्यापारी ओरडला, "एक शिंग आभायात अन् एक पाताळात! हे कोनती जोडी बे?" बाजार हसला. उकंडरावांनी बैल हाकले.

घरी मनकर्णाबाईने दुधात भाकर कुस्करून ठेवली. काळीने बेधडक तोंड घातलं. भुऱ्या पाहत राहिला, मग उठला आणि तिच्या तोंडाला तोंड लावून खाऊ लागला. भांडं चाटून झालं तरी दोघं चाटत होती. उकंडरावांनी उपरण्याने डोळे पुसले आणि धूर झाला म्हणाले. चूल तेव्हा विझलेली होती.

पुढच्या बाजाराला एक शेतकरी दोन कोसांवरून आला. घरच्या बैलाचं वर्णन त्याने सविस्तर सांगितलं. उकंडरावांनी जुळणारे तीन बैल निवडून बाजूला उभे केले आणि म्हणाले, "आता घरी जाय अन् तुह्या बैलाले घेऊन ये."

"दोन कोस चालवत आनू? त्याले काऊन?"

"जल्म त्याले काढाचा हाय," उकंडराव म्हणाले, "मले नाई."