पारूवयनी आणि सरकारचा रेडिओ

“आधी सेट खाली ठेवा, मग काय तो कायदा सांगा!”

मी साहेबांना असं बजावलं तेव्हा सेटची एक बाजू त्यांच्या शिपायाच्या हातात होती आणि दुसरी आमच्या पारूवयनीच्या. भोवती अख्खी वाडी. साहेब “शासकीय आदेश आहे, शासकीय आदेश आहे” म्हणत होते, आणि पारूवयनी शिपायाला विचारत होती, “मेल्या, पेज खावन इलस काय नाय? जोर खंय आसा हातात?”

भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण त्या रेडिओचे किस्से म्हणजे सुके बांगडे! डबा कितीही घट्ट लावा, घरभर कळतंच. आता झाकण उघडलंय, तर आधीचेही काढते.

तेव्हा मुंबई सरकारनं गावोगाव बॅटरीचे रेडिओ बसवायचा ठेका एका कंपनीला दिला होता. टेंडरात गडबड झाली म्हणून पेपरांत एकच बोंब. त्या बोंबेच्या मागोमाग आमच्या मालवणजवळच्या वाडीत सेट आला. किनाऱ्यावर जाळी ठेवायचा मांगर होता, त्यात तो बसवला.

वाडीला पेपर वाचून दाखवायचं काम माझं. शाळेची पायरी मी चढले नाही. भावाच्या पाटीवर अक्षरं गिरवली, कोणा मास्तराचे उपकार नाहीत! पारूवयनी माझी शेजारीण, मासळी विकायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण माझी ओळ वाचून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

*

सेटची बॅटरी ॲसिडची, फणसाएवढी जड. ती उतरली की कंपनीचा माणूस येऊन बदलणार, असं ठेक्यात होतं म्हणे. माणूस कसला येतोय! शेवटी पारूवयनीनं ती मासळीच्या पाटीत घातली, डोक्यावर घेतली आणि कसालच्या भातगिरणीत चार्ज करायला निघाली.

एसटीचा कंडक्टर अडून बसला. “ही वस्तू गाडीत चालणार नाही.”

“वस्तू खंयची? सरकारचो जावय आसा तो! तिकीट फाड आनी खिडकीकडे बसव.”

त्यानं खरोखर तिकीट फाडलं! ॲसिडनं वयनीच्या लुगड्याला भोकं पडली. तेच लुगडं नेसून ती नंतर तालुक्याच्या कचेरीत गेली आणि तिथल्या बाबूला पदर पसरून दाखवला. “ह्यो तुमचो ठेको.” पुढच्याच आठवड्यात कंपनीचा माणूस नवी बॅटरी घेऊन हजर!

*

एकदा एसटीनं दोन पेपर आणले. एकात छापलेलं, ‘हे सेट म्हणजे मुकी खोकी.’ दुसऱ्यात, ‘खेड्यापाड्यांत क्रांती.’ मी दोन्ही मोठ्यानं वाचले. शेजारी आमचं मुकं खोकं गव्हाचे बाजारभाव सांगत होतं. गहू! आमच्याकडे गहू फक्त सणाला दिसायचा.

पारूवयनी म्हणाली, “दोगांकय हंय आणून बसवा. एकाक कळांदे तो बोलता, दुसऱ्याक कळांदे काय बोलता!”

*

मग मुंबईहून एक बातमीदार आला. गळ्यात कॅमेरा, पायात बूट, बुटांत वाळू. सेट चांगला गात होता, त्यामुळे गडी हिरमुसला. मला म्हणाला, “बाई, जरा बंद करता का? नादुरुस्त सेटचा फोटो हवाय.”

मी त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात पारूवयनीनं त्याची समजूत काढली. “कित्याक बंद करूक व्हयो, बाबा? चालू रेडिओचो नि बंद रेडिओचो फोटो सारकोच येता. काढ आनी जा. खाली काय लिवचा ता तू मुंबयसूनच लिवन आणलंस मां?”

बातमीदार लाल झाला. फोटो मात्र काढून गेला.

*

पुढाऱ्यांची सभा तर विचारू नका. ठेक्याच्या विरोधात भाषण ऐन रंगात आलं आणि त्यांच्या लाउडस्पीकरची बॅटरी बसली. कार्यकर्ता धावत मांगरात आला. “वयनी, रेडिओची बॅटरी जरा द्या.”

“देतंय. पण पुढाऱ्यांका सांग, बॅटरी जोडल्यार पयले आभार तिचे मानूक व्हये!”

मानले बरं का! टाळ्या सगळ्यात जास्त त्या आभारांनाच पडल्या.

*

आता जरा वेगळं. एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, उद्या किनाऱ्यावर जोराचा वारा आहे. सकाळी बघते तर आभाळ लख्ख. वयनीचे यजमान, भिकूदादा, होडी लोटायला निघाले. वयनी होडीच्या तोंडाशी वाळूत बसली.

“उठ गो! खोक्याक दर्यो काय कळता?”

“माझ्या बापाकव लख्ख आभाळच दिसला हुता,” ती म्हणाली. “तो गेलो तो परत इलो नाय. आता न्हेवची तर माझ्यावरसून न्हे.”

गडी हसले. मग हसायचे थांबले. एकही होडी गेली नाही. दुपारी असा वारा सुटला की माडांच्या झावळ्या घरांवर येऊन पडल्या. वरच्या किनाऱ्याची एक होडी परत आलीच नाही.

भिकूदादा मांगरात गेले आणि स्वतःचं कांबळं रेडिओवर घालून आले.

त्या दिवसापासून ठेका कोणाचा, हे वाडीत कोणी विचारलं नाही.

*

आणि तोच सेट न्यायला साहेब जीप घेऊन आले. ठेक्याची चौकशी लागली होती. सगळे सेट जमा करायचे.

“चौकशी कधी संपणार?” मी विचारलं.

“ते वरून ठरेल.”

“आणि तोवर हवामान कोण सांगणार?”

“बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. समजून घ्या.”

“शिकलेय म्हणूनच समजून घेणार नाही!” मी पेपरांत वाचलेलं सगळं त्यांच्या तोंडावर फेकलं. टेंडर काढलं, कंपनी काढली, मंत्र्यांनाही सोडलं नाही. साहेब ढिम्म. प्रत्येक वाक्याला एकच उत्तर, “आदेश आहे.” माझा घसा बसला. बाया रडकुंडीला आल्या. होड्या दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या.

तेवढ्यात पारूवयनीनं सेटवरचे हात सोडले. सेट अख्खा शिपायाच्या अंगावर आला. आता ही पण हरली, असंच मला वाटलं.

ती घरी गेली, बसायचा पाट घेऊन आली, पदरानं पुसला आणि मांगरात सेट होता त्याच जागी मांडला.

“बसा, सायबानू. सेट न्हेवंदेत. तुमी हंय रवा, आनी रोज सांजेक आमका सांगा, उद्या होडी लोटूची काय नाय ता.”

साहेब पाटावर काही बसले नाहीत; शिपायाला म्हणाले, “ठेव रे तो सेट, होता तिथंच.”