चंद्रावरची मेणबत्ती

आमच्या घरात चंद्रावर हवा आहे. तिथे तळं आहे, तळ्याकाठी म्हशीएवढ्या गोगलगाई आहेत, आणि त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलणारा एक प्रोफेसर आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणा रिकामटेकड्याने हे लिहून ठेवलं आणि माझ्या नवऱ्याने ते जन्मभर वाचलं. नवरा टर्नर. पंपांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात आयुष्य गेलं. असल्या सफरींच्या वेडापायी तिथे सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. जहाज राहू दे, साधी सायकल या माणसाला कधी सरळ चालवता आली नाही. तोंडावर मी 'अहो' म्हणते. मनात काय म्हणते ते सांगण्यासारखं नाही.

पुस्तकं रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेली. एकात कुणी जमिनीला भोक पाडून आत उतरतंय, दुसऱ्यात कुणी समुद्राच्या तळाशी बंगला बांधतंय. शास्त्र म्हणे. डोंबलाचं शास्त्र! समुद्राखाली वर्षभर राहतात आणि एकाचाही सदरा मळत नाही. मी गणवेशांच्या कारखान्यात कॉलर लावते. कॉलर अर्धं बोट सरकली तर सुपरवायझर कपडा तोंडावर फेकतो. इथे अख्खा चंद्र चुकलाय, तरी आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतायत.

कॅप्टनांचं सगळ्यांत लाडकं ते चंद्राचंच. प्रोफेसर एक पितळी गोळा करतो, त्यात कसलासा गॅस भरतो, भाच्याला आणि नोकराला कोंबतो आणि निघतो. पहिल्या पानावर त्याची बायको दारात उभी राहून डोळे पुसते. शेवटच्या पानावर पुन्हा दारात, पुन्हा डोळे पुसते. मधल्या तीनशे पानांत ही बाई काय खाते, कुणाच्या जिवावर राहते, लिहिणाऱ्याला काही पडलेलं नाही.

आणि ती खिडकी. गोळा चंद्रावर उतरतो, तर बाहेर हवा आहे की नाही हे बघायला हा विद्वान काय करतो? खिडकी उघडतो आणि जळती मेणबत्ती बाहेर धरतो. ज्योत विझली तर हवा नाही असं समजायचं. अरे अकलेच्या कांद्या, खिडकी उघडलीस तिथेच सगळे मेलात ना! तिथे आलं की माझं तोंड सुटायचंच. कॅप्टन हसायचे. दर वेळी, पहिल्यांदा ऐकल्यासारखे.

एकदा मी चिडून विचारलं, की माणसं खरीखुरी चंद्रावर जाऊन आली, तिथे हवा नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग हे कशाला वाचायचं? तर म्हणाले, "जाऊन आले त्यांना सगळं आधीच माहीत होतं. यांनी मेणबत्ती धरून बघितलं."

आता या माणसाची अक्कल ऐका. प्रोफेसर चंद्रावर जाताना काळा चष्मा न्यायला विसरत नाही. हे वाक्य कॅप्टनांना तोंडपाठ. आणि स्वतः मशीनवर गॉगल लावायचा नाही, का, तर नाकावर घाम येतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत लोखंडाची कपची उडाली आणि उजवा डोळा गेला. मी तेव्हा इतकं बोलले की शेजारीण मध्ये पडली. पुढची सगळी वर्षं डाव्यावर रेटली. मग निवृत्तीनंतर त्याही डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं व्हायला लागलं, आणि बारीक अक्षर वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलीने फोनवर तेच पुस्तक कुणा वाचणाऱ्याच्या आवाजात लावून दिलं. खणखणीत आवाज, एक अडखळणं नाही. कॅप्टनांनी एक प्रकरण ऐकलं आणि बंद करायला लावलं. म्हणाले, हा सगळं खरं धरून वाचतो. मग मीच वाचत राहिले, वाक्याला वाक्य हाणत.

शेवटी डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, ऑपरेशन करून चिकटवू. आत गॅस भरायचा, म्हणजे तो पडद्याला दाबून धरतो. त्यासाठी पेशंटने दिवसरात्र पालथं पडून राहायचं. गॅस आहे तोवर काही दिसणार नाही, नंतर बघू. एकुलता एक डोळा पणाला लागलेला आणि कॅप्टन खूश! गॅस भरून प्रवास, प्रोफेसरसारखा. मी म्हटलं, प्रोफेसरच्या डोक्यातही तोच भरला होता.

वॉर्डात सगळे तसलेच, ओळीने पालथे. कुणाचं तोंड दिसायचं नाही, नुसत्या टाळवा आणि टाचा. मी स्टुलावर बसून कॅप्टनांच्या मानेला वाचून दाखवायची. पालथ्या घड्यावर पाणी. पण शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला कान देऊन ऐकायचा. मी पाणी प्यायला थांबले की उशीतून म्हणायचा, "ताई, पुढे?" मी त्याला सांगितलं की पुढे अजून मूर्खपणा आहे. चालेल म्हणाला. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड चंद्रावर. गोगलगाई कोण धुतं, प्रोफेसरच्या बायकोला भाडं कोण देतं, मी विचारायची आणि उशांमधून हसू यायचं. नर्स दटावून गेली की हसताना डोळ्यावर ताण येतो. पुस्तक संपलं, तर पुन्हा पहिल्यापासून हवं. मोठी माणसं ही! एकाचीही अक्कल ठिकाणावर नव्हती.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी कॅप्टनांच्या डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ बघितलं, पट्टी पुन्हा बांधायला सांगितली आणि मला बाहेर बोलावलं. पडदा पुन्हा सुटला होता आणि आतल्या आत चुरगळला होता. गॅस गेल्यावरही दिसणार नाही, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी सांगू की तुम्ही सांगता, असं त्यांनी विचारलं. मी सांगते म्हटलं. तोंडाची एवढी फटकळ मी, मला काय अवघड?

नळाखाली तोंड धुतलं. आत येऊन स्टुलावर बसले. कॅप्टनांनी विचारलं डॉक्टर काय म्हणाले. मी म्हटलं, ते बोलतील, घाईत होते. मग पुस्तक उघडलं. कुठे थांबलो होतो तेही कळेना, तर ट्रकवाल्याने सांगितलं, गोळा उतरलाय.

मी वाचायला लागले. मुद्दाम सावकाश वाचलं, आवाज हलू नये म्हणून. गोळा वाळूत रुतला. भाचा घाबरला. प्रोफेसरने मेणबत्ती पेटवली, खिडकीची कडी काढली, हात बाहेर धरला. ज्योत हलली, पण विझली नाही. प्रोफेसर म्हणाला, मित्रांनो, इथे हवा आहे. मी पान उलटलं आणि पुढे वाचत गेले. कुणी हसलं नाही.

"थांब," कॅप्टन म्हणाले. मान तशीच, खाली. "त्याने खिडकी उघडली आणि तू काहीच बोलली नाहीस."

मी पानावर बोट ठेवलं.

"गेला ना डोळा?"

मी म्हटलं, "हो."

त्यांची टाळू हलली नाही. हात तेवढा खाटेवरून बाहेर आला, हवेत चाचपडत राहिला, आणि मी तो धरला. शेजारच्या खाटेवर ट्रकवाल्याने नाक ओढलं. मला त्या प्रोफेसरचा इतका राग आला, त्याच्या गॅसचा, त्याच्या काळ्या चष्म्याचा, आणि दारात उभं राहून नुसते डोळे पुसणाऱ्या त्याच्या बायकोचाही. मी काही दारात उभी राहणारी नव्हे. मी स्टुलावर होते आणि उठणार नव्हते.

हात न सोडता कॅप्टन म्हणाले, "परत घे तिथून. आणि नीट वाच. हे काय, फोनवरच्या माणसासारखं?"

मी एका हाताने पान मागे उलटलं. घसा साफ केला. वाचलं, की प्रोफेसरने खिडकीची कडी काढली.

"आला," मी म्हटलं, "आला अकलेचा कांदा."