न दाखवलेली टाच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मलम. मी राळ कुटत होतो, ती चुलीपाशी कढईत तेल आन् मेण ढवळत होती. लोकांच्या टाचांच्या भेगांत भरायचं मलम, दर महिन्याला करायचो.

"राळ बारीक करा," ती म्हणाली. "गेल्या खेपंला खडे राहिले व्हते. दौंडचा रेल्वेतला खलाशी काय म्हणंल, ह्याच्या बायकोला चाळता येत न्हाई का?"

"त्याच्या बुटात हायती तेवढे खडे न्हाईत आपल्या मलमात."

ती हसली. कढई उतरवून उठली आन् डावी टाच न टेकता चवड्यावर चालत गेली.

"काय झालं गं?"

"कंबर धरलीय."

आन् मी गाढवानं ते मानलं.

गाढव उगीच म्हणत नाही. माझा धंदाच पायांचा. बाप न्हावी, त्यानं डोकी केली. मी कुरपं, काटे आन् मांसात घुसलेली नखं काढायचो. शिरूरला घरी, आन् आठवड्यातले दोन दिवस एसटीनं दौंडला, स्टेशनाबाहेर लिंबाखाली. रेल्वेची माणसं बारा महिने बुटात, पाय उकडलेल्या बटाट्यासारखे. आमच्याकडचे शेतकरी अनवाणी, टाचा भाजलेल्या विटेसारख्या. शाळा माझी दुसरीपर्यंत. पण माणूस दहा पावलं चालला की त्याला कुठं दुखतंय ते सांगायचो.

कुरूप कोरडं कापायचं नाही, आधी कोमट पाण्यात भिजू द्यायचं. नखाचा कोपरा खोल काढायचा नाही. हत्यार उकळायचं. हे दौंडच्या एका कंपौंडरनं शिकवलं, तवा मी त्याला हसलो होतो, हत्याराचा काय चहा करायचा म्हणून. आन् सगळ्यात मोठं म्हंजी, शेणामातीतला काटा आत मोडला तर जखमेचं तोंड बुजवायचं नाही. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. लोक बिब्ब्याचा चटका देतात, भोक बुजतं, वरून काही दिसत नाही, की झालं बरं! यावरून मी गिऱ्हाइकांना शिव्या घालायचो. ती तिथंच पाणी तापवत ऐकायची. शंभरदा ऐकलं असेल.

पण एवढ्या संसारात तिचा पाय मी कधी हातात घेतला नव्हता. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, बाईला पाप लागतं. एकदा तिच्या टाचा फुटलेल्या दिसल्या म्हणून म्हणालो, "आण इकडं, मलम भरतो." तिनं पाय लुगड्याखाली ओढले. "अवो, लोकांचे धरता तेवढं बास. माझे धरून मला नरकात घालता का?"

मी हसलो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दिवसभर लोकांचे पाय धरणाऱ्याला घरात एक तरी माणूस आपल्या पाया पडणारं हवं असतं. त्याची आज लाज वाटते, पण तसंच होतं.

मलम केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी भाकरीचा घास तिच्या तोंडात जाईना. जबडाच उघडेना. टांग्यात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बघितलं आन् विचारलं, "कुठं लागलंय हिला?"

"कुठं न्हाई."

त्यांनी लुगडं सरकवलं, डावी टाच उजेडात धरली. बिब्ब्याचा काळा डाग. वरून बुजलेलं, आत पू. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालेलं, बोलता येत नव्हतं, तरी मी समोर उभा म्हणून ती पाय मागं घ्यायला बघत होती. अशा वेळीसुद्धा!

डॉक्टरांनी आतून काटा काढला. अर्ध्या नखाएवढा. माझ्या चिमट्याला दोन मिनिटांचं काम होतं.

"इतक्या दिवसांत घरात कुणी पाय बघितला नाही?" डॉक्टर म्हणाले. "काय करता तुम्ही?"

"शेतात मजुरी," मी म्हणालो.

दोन दिवसांनी ती गेली. घरी आणल्यावर बायकांनी हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला. एक म्हणाली, "पुण्यवान गं बाई, सवाष्ण गेली. नवऱ्याचा हात कधी पायाला लागू दिला न्हाई." वाटलं, एकेकीला दंडाला धरून बाहेर काढावं. कसलं पुण्य? मूर्ख होती. आन् तिच्याहून मूर्ख मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा गडी आन् त्याची बायको चहा घेऊन आले. बाई उंबऱ्यापाशी टाच उचलून उभी राहिली. पायाला चिंधी.

"काय झालंय?"

"काय न्हाई दादा. गोठ्यात काटा मोडलाय. बिब्बा लावणार हाय."

माझं डोकंच फिरलं. "बस खाली. पाय दाव."

नवरा म्हणाला, "दादा, सुतक हाय तुम्हाला. हत्याराला हात नका लावू."

"सुतक मला हाय. तिच्या टाचंला न्हाई."

बाईनं पाय लुगड्याखाली घेतला. मी तिला हात लावला नाही. नवऱ्याला म्हणालो, "तू धर तिचा पाय. मांडीवर घे."

"मी?"

"मग काय मी? माझी काल जाळून आलो. तुझी तू धर."

बाई रडायला लागली, म्हणाली पाप लागेल. मी ओरडलो, "लागू दे! देवाला माझं नाव सांग." तो गडी लाजत लाजत बसला आन् त्यानं बायकोचा पाय मांडीवर घेतला. मी चूल पेटवली, पाण्यात चिमटा टाकला. चांगली उकळी येऊ दिली.

काटा काढला. जखम धुतली, उघडी ठेवली. मग दोघांना पुढं घालून दवाखान्यात नेलं आन् सुई टोचेपर्यंत दारात उभा राहिलो. डॉक्टरांनी मला ओळखलं. टाच बघून म्हणाले, "काटा चांगला काढलाय. कुणी काढला?"

"मी," म्हणालो. "पायांचं काम करतो मी. त्या दिवशी खोटं बोललो."