भाऊ अजून लाइपझिगलाच आहे

जर्मनीतल्या लाइपझिगहून निघाले त्या सकाळी भाऊ आपल्या काचेच्या पेटीत लाकडाच्या सालीखाली झोपला होता. भाऊ म्हणजे माझा साप. नारिंगी-तांबडा, बिनविषारी, माझ्या हातापेक्षा थोडा लांब. शेजारच्या हेल्गाबाईंच्या स्वयंपाकघरात पेटी ठेवून मी टॅक्सीत बसले. त्या दारात उभ्या राहून हात हलवत होत्या, आणि तो माझ्याबरोबर येत नाहीये हे मला अजूनही खरं वाटत नव्हतं.

चूक माझीच होती, पण तशी चूक करायला सरकारी क्वार्टरमध्ये वाढावं लागतं. बाबा केंद्र सरकारात होते. बदली झाली की ट्रक यायचा आणि घरातलं सगळं त्यात चढायचं, पाटा-वरवंट्यापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत. दिल्लीत सरोजिनी नगरला आलो तेव्हा मांजर माझ्या मांडीवर होतं. बाबांचं एक ठरलेलं वाक्य असे, "बदलीत घरातलं कुणी मागं राहत नाही." बाबा गेले, आई मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकटी पडली, आणि मी कायमचं परतायचं ठरवलं. कंपनीच्या मेलमध्ये 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' असे शब्द होते. मला ती बदलीच वाटली. मी निवांतपणे तिकीट काढलं, तिथलं घर सोडायची नोटीस दिली आणि मगच दिल्लीच्या कार्गो एजंटला फोन केला.

"पेट लाना है? बिल्कुल मॅडम. डॉग है या कॅट?"

"साँप."

त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्यानंतर त्यानं जे ऐकवलं ते परतायच्या विचारात असलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगून ठेवते. घर हलवताना कुत्रा किंवा मांजर सोबत आणता येतं, तेही रीतसर कागद करून. साप त्या वाटेनं येत नाही. तुम्ही त्याला लेकरासारखं वाढवलं असलं तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी जिवंत प्राणी, आणि त्याचं येणं म्हणजे आयात. त्याला आयात परवाना हवा, वन्यजीव खात्याचं ना-हरकत पत्र हवं, तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला हवा, आणि हे सगळं तो विमानात चढायच्या आधी हातात हवं. इथं उतरल्यावर तपासणी आणि क्वारंटाइन वेगळं. अजगराच्या जातीचा असता तर आंतरराष्ट्रीय परवान्यांची आणखी भर पडली असती. लोक कसे बॅगेत कोंबून साप आणतात आणि विमानतळावर पकडले जातात, हेही त्यानं सांगितलं. कायद्याला मी नावं ठेवत नाही. पण मी आपलं सामान आवरत होते आणि घरातल्या एकाला यायची मुभाच नव्हती. परवान्याचा अर्ज एजंटकडे सोपवून मी एकटीच निघाले.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाल दिसली तरी शेजारच्या भाटियांना हाक मारणारी ती. आमच्या घरात 'साप' हा शब्दही चालत नसे, 'जनावर' म्हणायचं. व्हिडिओ कॉलवर पेटी दिसू नये म्हणून मी कॅमेरा भिंतीकडे वळवून बसायचे. गंमत म्हणजे, भाऊ हे नाव तिच्यामुळेच पडलं होतं. मी एकुलती एक. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ती मला भावाचा उपवास धरायला लावायची. दुसऱ्या दिवशी तवा चढवायचा नाही, काही चिरायचं नाही. पाटावर गंधानं नाग काढून म्हणायची, "तुला भाऊ नाही ना, मग हाच तुझा भाऊ."

मयूर विहारला येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. मी अंघोळीला गेले होते आणि एजंटचा फोन आईनं घेतला. बाहेर आले तर ती सोफ्याच्या काठावर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"तो माणूस विचारतोय, आपका साँप किस ॲड्रेस पे रहेगा."

मी सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायची तयारी केली. तिनं एवढंच विचारलं,

"नाव काय त्याचं?"

"भाऊ."

मग ती जी भडकली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. "आणि तू त्याला परक्यांच्या दारात टाकून आलीस?"

"अगं आई, परमिशन नाही मिळत."

"अच्छा. बाबांना हेच सांगितलं असतंस?"

साप पाळला म्हणून ती हादरेल, घाबरेल, मला घराबाहेर काढेल, एवढं सगळं मी गृहीत धरलं होतं. मी त्याला मागं ठेवून आले, एवढंच तिला लागलं होतं. मी लहान मुलीसारखी रडले. तिनं रडू दिलं, मग चावतो का, वाढणार किती, खातो काय, असं एकेक विचारून घेतलं. फ्रीझरमध्ये ठेवलेले गोठवलेले उंदीर म्हटल्यावर तिनं डोळे घट्ट मिटले.

"माझ्या फ्रिजमध्ये नाही हं. छोटा वेगळा घेऊ."

अर्ज अजून पुढं सरकतोय. परवानगी मिळेल किंवा मिळणारही नाही, एजंट कसलीच हमी देत नाही. हेल्गाबाई फोटो पाठवतात आणि आई ते चष्मा लावून, फोन जरा लांब धरून बघते.

मी परदेशात होते तेवढी वर्षं आईनं माझी खोली जशीच्या तशी ठेवली होती. वापर नसलेल्या पलंगावरची चादरही ती बदलत असे. परवा संध्याकाळी मेट्रोनं ऑफिसातून आले तर खोलीत पलंगच नव्हता. सुताराकडून खोलून घेऊन तिनं तो गच्चीवर टाकला होता, आणि गुडघे धरत, टेप लावून ती भिंतीचं माप घेत होती.

"पेटी इथं बसेल. ऊन थेट येत नाही."

"आणि परवाना नाही मिळाला तर?"

"तर जागा राहील मोकळी. तुझी नव्हती राहिली?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती खोली माझी आहे. खोली होती ती घरातलं जे कुणी अजून पोचलेलं नाही त्याच्यासाठी. मी तर पोचले होते. माझी उशी तिनं पलंग खोलायच्या आधीच आपल्या पलंगावर, स्वतःच्या उशीला लावून ठेवली होती.