सुमनचं रक्त पुण्यात राह्यलं

दुसरबीडच्या फाट्यावर पुण्याची गाडी लागली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, वहिनीचा जीव अडकेल आहे कुठंतरी. पोरीले विचार." माझी बायको सुमन जाऊन पंधरा दिवस झाले होते. दहाव्याले नदीवर पिंड ठेवला. दुपार कलली तरी कावळा शिवला नाही. मी हात जोडून सगळं कबूल केलं. पोरीजवळ जाईन, तंबाखू सोडीन. नाहीच. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून उरकलं.

पोरगी वंदना इथं पुण्यात, विद्यापीठात संशोधन करते. आल्या आल्या मी विचारलं, "आईचं काही मागं ठेवलं का?" ती मग म्हणाली, "बाबा, रक्त आहे. आमच्या लॅबच्या फ्रीजरमध्ये."

माझं टाळकंच सरकलं. माणूस जाळलं, राख पाण्यात सोडली, अन् रक्त यांनी बर्फात घालून ठेवलं! अशानं कावळा शिवीन का? या शिकेल लोकांचा मले पहिल्यापासून भरवसा नाही.

"कोणाले विचारून घेतलं वं?"

"आईलाच. तिनं सही केली. म्हणे, तुह्या बापाले सांगू नको, तो गावभर बोंबलत फिरीन."

हे बोलणं मात्र सुमनचंच.

दुसऱ्या दिवशी मी ती नळी मागायले गेलो, नदीत सोडायले. वंदनानं आधी कॉम्प्युटरवर रंगीत गुंतवळ दाखवलं. हिमोग्लोबिन म्हणे, श्वास वाहून नेणारा हमाल, नीट घडी पडली तरच काम करणारा. "आईच्या हमालाची घडीच जन्मापासून चुकलेली, बाबा. अर्धं ओझं वाटेतच सांडायचं. घडी कुठं चुकली ते आम्ही शोधतोय."

सोयाबीन निंदताना सुमन मधीच बांधावर बसायची. दम लागला म्हणायची. मी म्हणायचो, "नाटकं करते." चाळीस वर्षं म्हणालो.

वंदनानं जाड हातमोजे घालून नळी काढली. बोटाएवढी. "न्यायची तर न्या, बाबा."

मी म्हटलं, "ठेव. पाह्य नीट."

भरवसा अजूनही बसला नाही. नळी बदलत असतील, बर्फ वितळत असीन, कोण जाणे. इथं लाईट गेली की मी चपला घालतो, दोन स्टॉप पायी जातो अन् लॅबच्या भिंतीपाशी उभा राहून जनरेटर चालू आहे का ऐकतो. गावचे लोक फोनवर विचारतात, घरी कधी येता? घर आहे तिथं, पत्रे शाबूत आहेत. पण तिथं कोण आहे?

परवा वॉचमननं हटकलं, "आजोबा, लाईट गेली की कशाला येता? तुमचं कोण आहे इथं?"

"बायको," म्हटलं.